सर्व्हेसाठी नमुना निवडणे आणि त्यातला बायस ओळखणे : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात सर्व्हे करणाऱ्यांची कमी नाही. कॉलेजचे प्रोजेक्ट असतात, बचत गटांच्या पाहण्या असतात, ग्रामपंचायतीची माहिती गोळा करायची असते, शाळांचे पट मोजायचे असतात. त्यातून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नमुना म्हणजेच सॅम्पल, आणि बायस म्हणजे निकाल एकाच बाजूला झुकवणारी चूक. आकडेमोडीतली उदाहरणे समजावण्यापुरती आहेत. ती कुठल्या खऱ्या गावाची नाहीत.

सगळ्यांना न विचारता थोड्यांवरून निष्कर्ष काढणे कितपत बरोबर?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सारखा शिजला असेल तरच. पातेल्याच्या बुडाशी करपले आणि वर कच्चे राहिले असेल, तर वरचे एक शीत काहीच सांगत नाही. गावेही अशीच असतात. म्हणून शीत कुठून उचलायचे हे आपल्या हाताने ठरवायचे नाही, चिठ्ठीवर सोडायचे. प्रत्येक घराला निवडले जाण्याची संधी हवी आणि ती संधी किती होती हे आपल्याला सांगता आले पाहिजे. एवढे साधले तर थोड्या घरांवरून सगळ्यांबद्दल बोलता येते, आणि चूक साधारण किती असेल तेही सांगता येते.

आपल्याकडे ही गोष्ट शेतात सिद्ध झाली. पीक कापणी प्रयोगात शेत आणि शेतातला तुकडा यादृच्छिक आकड्यांनी ठरवतात. नाहीतर कापणारा माणूस रस्त्याकडेचे डौलदार पीकच निवडणार. तुकडा केवढा घ्यायचा यावर १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला होता. सुखात्म्यांनी दाखवून दिले की अगदी लहान तुकड्यात कडेवरची रोपे नकळत आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. पुढे भातासारख्या पिकांसाठी साधारण ५ मीटर × ५ मीटरचा तुकडा रूढ झाला. कापणाऱ्यांपैकी कोणीही खोटेपणा केलेला नव्हता, हे यात महत्त्वाचे. बायस बहुतेक वेळा असाच प्रामाणिक माणसाच्या हातून शिरतो.

सॅम्पल किती घ्यायचे?

टक्केवारी काढायची असेल तर हिशेब असा : १.९६ चा वर्ग करा, त्याला ०.२५ ने गुणा आणि जेवढी चूक चालेल तिच्या वर्गाने भागा (५ टक्के म्हणजे ०.०५). चूक ५ टक्क्यांपर्यंत चालत असेल तर ३८५ जण लागतात, ३ टक्के हवी असेल तर १,०६८. यातले १.९६ हे ९५ टक्के खात्रीसाठी आहे आणि ०.२५ म्हणजे निम्मे होय, निम्मे नाही, अशी सर्वांत अवघड स्थिती.

गाव लहान असेल तर आकडा कमी होतो. ९०० घरांच्या गावात : ३८४.१६ ÷ (१ + ३८३.१६ ÷ ९००) = जवळपास २७० घरे. गावात घरेच दीडशे असतील तर सॅम्पलच्या भानगडीत पडू नका, सगळी घरे घ्या.

३८५ हा आकडा पाठ करून सगळीकडे वापरला जातो, त्याबद्दल एक सावधगिरी. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के असेल तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत देण्याची तरतूद आहे. त्यामुळे 'आमच्या भागात १५ टक्के आहेत का' हा प्रश्न इथे हमखास निघतो. ३८५ जणांच्या सॅम्पलमध्ये १७ टक्के निघाले, तर खरा आकडा १३.२ ते २०.८ यांत कुठेही असू शकतो. म्हणजे १५ च्या अलीकडे की पलीकडे, हे सांगता येत नाही. १५ टक्क्यांच्या आसपास चूक १ टक्क्यावर आणायची तर सुमारे ४,९०० जण लागतील. निर्णय एखाद्या रेषेवर अडकलेला असेल तर सॅम्पलचा नाद सोडून जनगणनेचा आकडा घ्यावा, तो घरोघर मोजलेला असतो. फक्त तो जुना आहे हे विसरू नये : भाषेचे प्रसिद्ध झालेले शेवटचे आकडे २०११ चे आहेत आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे.

जिल्हा मोठा म्हणजे सॅम्पलही मोठे लागते ना?

नाही. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ४७ लाख ७९ हजारांवर होती. त्यासाठी ३८५ पुरतात आणि पाच कोटींच्या राज्यासाठीही तेवढेच. पण तालुकावार निकाल वेगळे हवे असतील तर प्रत्येक तालुक्यासाठी ३८५ धरावे लागतात. बजेट बहुधा इथेच कोसळते.

घरांची यादी कुठून आणायची?

अर्धी लढाई इथेच असते. यादीत जे घर नाही ते कुठल्याही पद्धतीने सॅम्पलमध्ये येत नाही, आणि पुढे कितीही गणित केले तरी ती भोके बुजत नाहीत.

मतदार यादी सहज मिळते, पण ती माणसांची यादी आहे, घरांची नव्हे. तिच्यातून नावे उचलली तर सहा मतदारांच्या घराला एका मतदाराच्या घराच्या सहापट संधी मिळते. एकत्र कुटुंबे जास्त येतात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गळतात. शिवाय लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेली माणसे आणि गोव्याला किंवा पुण्याला कायमची गेलेली पोरे यादीत तशीच असतात. रेशन कार्डाच्या यादीत एका चुलीची दोन कार्डे सापडतात. ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीत भाडेकरू नसतात. विजेच्या मीटरची, म्हणजे आर.आर. नंबरची यादी बरी, पण तिच्यातून पंपसेट, दुकाने आणि गिरण्या काढाव्या लागतात. बेळगावच्या वडगाव, खासबाग भागात घरातच यंत्रमाग असतो, तिथे मीटर आणि घर यांचे गणित जुळेलच असे नाही. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असतात ती वेगळीच.

त्यामुळे आमचा सल्ला एकच : निवडलेल्या भागात स्वतः फिरून यादी करा. दोघे मिळून दिवसाला शंभर-दीडशे घरांची नोंद होते. क्रम असा ठेवावा :

१. गावाच्या एका टोकापासून सुरुवात करून उजव्या हाताची घरे धरत गल्ली संपवायची, मग वळून दुसरी बाजू.
२. घर नव्हे, चूल मोजायची. जिथे स्वयंपाक वेगळा ते कुटुंब वेगळे.
३. कुलूप असलेले घरही लिहायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे : रिकामे आहे की माणसे कामावर गेली आहेत?
४. गावठाण संपले की शेवटच्या घरात विचारायचे, 'याच्या पुढे कोण राहतं?' चौथी पायरी सोडली की चिकोडी, रायबाग, अथणीकडे मळ्यातली, तोटातली घरे सुटतात. खानापूरच्या जंगल भागात धनगर-गवळ्यांचे वाडे सुटतात. कारखाना चालू असताना ऊस तोडणी टोळ्यांची पाले सुटतात.

पाले धरायची की नाही, हे आधी ठरवून लिहून ठेवा. सहा महिन्यांहून जास्त राहणारा तो रहिवासी, असा नियम केला तर टोळ्या बाहेर जातात. ते चुकीचे नाही, पण मग 'ऊसपट्ट्यातल्या कामगारांची स्थिती' असे शीर्षक अहवालाला देता येणार नाही.

यादी झाली. आता घरे कशी निवडायची?

गावात सर्वांत सोपी पद्धत ठरावीक अंतराची. ६४० घरे आहेत, ४० हवीत, म्हणजे अंतर १६. १ ते १६ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. ७ आला तर ७, २३, ३९ असे करत ६३१ पर्यंत जा. पहिला आकडा मनाने घ्यायचा नाही. एक खोडही आहे. बांधलेल्या वसाहतीत दर सोळावे घर कोपऱ्याचे असेल तर सगळी कोपऱ्याची, म्हणजे मोठ्या प्लॉटची घरे येतील. अशा ठिकाणी सरळ चिठ्ठ्या काढाव्यात. एक्सेलमध्ये रँडबिटवीन फंक्शनने आकडे काढलेत तर ते लगेच व्हॅल्यू म्हणून चिकटवा, नाहीतर शीट उघडली की आकडे बदलतात आणि कोणती घरे निवडली होती हेच सांगता येत नाही.

गट एकमेकांपासून फार वेगळे असतील (बेळगाव शहर आणि खानापूरची डोंगराळ गावे) तर आधी थर पाडा आणि प्रत्येक थरातून वेगळी निवड करा.

तालुक्यातली सगळी गावे फिरणे शक्य नाही. मोजकीच गावे घेतली तर?

चालते, पण गावे घरांच्या प्रमाणात निवडा. समजा पाच गावांत अनुक्रमे १२०, ४८०, ३००, ९०० आणि २०० घरे आहेत. बेरजा करत जा : १२०, ६००, ९००, १८००, २०००. दोन गावे हवीत म्हणून अंतर १०००. १ ते १००० मध्ये चिठ्ठी ४३७ ची निघाली तर ४३७ हा आकडा दुसऱ्या गावात पडतो आणि १४३७ चौथ्या गावात. आता दोन्ही गावांत सारखी, वीस-वीस घरे घ्या. गंमत अशी की मोठ्या गावातले घर असो की लहान गावातले, त्याची एकूण संधी तेवढीच भरते : पन्नासात एक. पुढे वजने लावावी लागत नाहीत.

याची किंमत मात्र असते. एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात. तेच पाणी, तीच शाळा, तीच सोसायटी. त्यामुळे एका गावात वीस घरे विचारून वीस घरांएवढी नवी माहिती मिळत नाही. सारखेपणाचा गुणांक (गावातली घरे एकमेकांसारखी किती, याचे माप) ०.०५ धरला आणि गावात २० घरे घेतली, तर सॅम्पल १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ पट लागते. ३८५ चे ७५१ होतात. गावात १० च घरे घेतली तर ५५९ वर भागते. तेव्हा गावे वाढवा, प्रत्येक गावातली घरे कमी करा. जीपचे भाडे वाढते, पण फॉर्म वाया जात नाहीत.

घरात कुणाला विचारायचे?

जो दार उघडेल त्याला, असे करू नका. सकाळी अकराला गेलात तर म्हातारी माणसे आणि सुना भेटतात. उद्यमबागच्या कारखान्यांत किंवा शेताला गेलेले भेटत नाहीत. घरातल्या १८ वर्षांवरील सगळ्यांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला त्याला निवडावे. वाढदिवस सांगता येत नसतील तर नावे वयानुसार लिहून चिठ्ठी काढा. 'आमच्यात मालकच बोलतात' असे उत्तर येईल. तेव्हा मालकांशी दोन शब्द बोलून मग निवडलेल्या व्यक्तीकडे वळावे.

घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घ्यायचे का?

नाही. कुलूपवाल्या घरातली माणसे कामाला गेलेली असतात आणि शेजारी घरी असतात. म्हणजे बदली घर घेताच नोकरदारांच्या जागी घरी असलेले भरले जातात. तीन वेळा जा : एकदा सकाळी लवकर, एकदा संध्याकाळी सातनंतर, एकदा रविवारी. तरी नाही भेटले तर 'मिळाले नाही' अशी नोंद करा आणि पुढे जा.

न मिळालेल्यांचा परिणाम केवढा होतो तो बघा. ४०० निवडले, २४० नी उत्तर दिले, त्यांत ६० टक्के, म्हणजे १४४ जण 'होय' म्हणाले. उरलेले १६० सगळे 'नाही'वाले निघाले असते तर खरा आकडा ३६ टक्के. सगळे 'होय'वाले असते तर ७६. सहसा सत्य या टोकांना नसते, पण ४०० पैकी किती मिळाले हे न सांगता नुसते '६० टक्के' छापणे योग्य नाही.

सर्व्हे कधी करू नये?

गावाची लक्ष्मी यात्रा असताना कधीच नाही. माहेरवाशिणी, जावई, मुंबई-पुण्याची मंडळी सगळी आलेली असतात आणि घरात माणसांची संख्या दुप्पट दिसते. गणपतीतही तेच. जून ते सप्टेंबर कणकुंबी, जांबोटीकडे पावसाने अडचण होते. मग फिरणारा माणूस रस्त्यालगतची घरे करून परत येतो. निवडणूक जाहीर झाली असेल तर थांबा, दारात आलेला प्रत्येक फॉर्म पक्षाचाच वाटतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल घेतला, दोन हजार मते आली. तेवढी पुरेत ना?

त्या दोन हजार जणांची मते कळली, एवढेच. कोण ग्रुपमध्ये आहे, कुणाला विषयाची चीड आहे, कुणी ते दहा ग्रुपवर पुढे पाठवले, यावर निकाल ठरतो. १९३६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. त्यांतल्या सुमारे २३ लाख परत आल्या, आणि रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असे भाकीत त्याने छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मते घेऊन आले. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतले, म्हणजे सुखवस्तू घरांकडे झुकलेले होते, शिवाय पत्रिका उत्साहाने परत पाठवणाऱ्यांचा कलही वेगळा होता. तेवीस लाखांनी यातले काहीच सुधारले नाही. नीट निवडलेली चारशे घरे अशा पोलपेक्षा कधीही बरी.

सर्व्हे मराठीत करायचा की कन्नडमध्ये?

इथला सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. दारात पहिले वाक्य ज्या भाषेत पडते त्या भाषेकडे पुढची उत्तरे झुकतात. मराठीत सुरुवात केली की दोन्ही भाषा बोलणारे घर स्वतःला मराठी सांगण्याकडे झुकते, कन्नडमध्ये केली की उलट. गळ्यातले ओळखपत्र, गाडीवरच्या पाटीची लिपी, सोबत आलेला गावातला पुढारी, सगळ्याचा परिणाम होतो. कुणी खोटे बोलत नाही. घरात आईशी मराठी, बाजारात कन्नड, मशिदीच्या गल्लीत उर्दू, खानापूरच्या काही घरांत कोकणी, असे असताना माणूस समोरच्याला सोयीचे उत्तर देतो.

उपाय असे. फॉर्म दोन्ही भाषांत तयार करा. मराठीचा कन्नड अनुवाद एकाने करावा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत मराठीत आणावा, आणि मग दोन्ही मराठी शेजारी ठेवून बघावेत. विचारणारा दोन्ही भाषा येणारा असावा. त्याने दारात 'कोणत्या भाषेत बोलू?' असे दोन्ही भाषांत विचारावे आणि कोणती निवडली ते फॉर्मवर नोंदवावे. भाषेबद्दलचा प्रश्न एकच ठेवू नका. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती, आणि त्याशिवाय येणाऱ्या भाषा वेगळ्या विचारल्या जातात. तुम्हीही आईची भाषा, आज घरात बोलली जाणारी भाषा आणि मुलांच्या शाळेचे माध्यम असे तीन प्रश्न वेगळे विचारा. तिन्हींची उत्तरे वेगळी निघतात. कुठला तरी एकच आकडा उचलून मथळा करणाऱ्यांपासून सावध राहावे, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

विचारणाऱ्यामुळे उत्तर बदलते का, हे मोजताही येते. त्याच गल्लीतली १२० निवडलेली घरे चिठ्ठीने दोन विचारणाऱ्यांत साठ-साठ वाटा. एकाकडे ७० टक्के आणि दुसऱ्याकडे ५० टक्के 'होय' आले, तर एवढा फरक योगायोगाने क्वचितच पडतो. दोष विचारण्यात आहे. ही कल्पना महालनोबिसांनी बंगालच्या पीक पाहणीतच वापरली होती.

प्रश्नाच्या शब्दांत काय बिघडते?

'रस्ते आणि पाणी यांबाबत समाधानी आहात का?' हे दोन प्रश्न आहेत. पाणी येते आणि रस्ता उखडलेला आहे त्याने काय सांगायचे? 'वाढत्या त्रासामुळे बायपास नको असे वाटते का?' यात उत्तर आधीच घातले आहे. 'नेहमी', 'बऱ्याचदा' यांऐवजी 'गेल्या सात दिवसांत किती वेळा' असे विचारा. निपाणीकडे विडी कामगार बायकांना महिन्याची कमाई विचारली की अंदाजाने आकडा येतो. 'काल किती विड्या वळल्या, हजाराला काय दर मिळाला, किती बाद केल्या' असे विचारले की हिशेब लागतो. आणि हे ठेकेदाराच्या दारात विचारू नये.

दारू, कर्ज, शौचालयाचा वापर यांवर खरे कोण सांगणार?

थेट विचारून कमीच सांगतात. संख्याशास्त्रज्ञ वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा एक सोपा प्रकार वापरून बघा. उत्तर देणाऱ्याने पाठ फिरवून नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, 'होय' म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. नाणे कुणालाच दिसत नाही, त्यामुळे 'होय' म्हणणारा उघडा पडत नाही. २०० जणांत १३० 'होय' आले, तर साधारण १०० नाण्यामुळे आले. उरलेल्या १०० जणांत ३० खरे, म्हणजे ३० टक्के. चूक वाढते म्हणून सॅम्पल मोठे लागते. आणि खेळ नीट समजावला नाही तर लोक हसून सोडून देतात.

शहरातून आणि गावांतून आलेले फॉर्म घरांच्या प्रमाणात नाहीत. बेरीज करून सरासरी काढू का?

नको, वजन लावा. शहरात ६,००० घरे, गावांत ४,०००. दोन्हीकडून शंभर-शंभर फॉर्म. शहरात ७० टक्के होय, गावांत ३० टक्के. सरळ सरासरी ५० येते, पण खरे उत्तर ०.६ × ७० + ०.४ × ३० = ५४. वजनाने प्रमाण दुरुस्त होते. शहरातली भेटलेली माणसे न भेटलेल्यांपेक्षा वेगळी असतील तर ते मात्र दुरुस्त होत नाही.

पोरांनी घरी बसून फॉर्म भरले हे कसे ओळखायचे?

दर दहा फॉर्ममागे एका घरी दुसऱ्याच माणसाने जाऊन चार ठाम गोष्टी विचाराव्यात : माणसे किती, छप्पर कशाचे, गॅस आहे का, कोण आले होते. मोबाइलवर फॉर्म असेल तर वेळा बघा. चाळीस प्रश्न सहा मिनिटांत होत नाहीत. वयांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे म्हातारी माणसे वय पन्नास, पंचावन्न, साठ असे गोळाबेरजेत सांगतात. खऱ्या फॉर्ममध्ये ही गर्दी दिसतेच. सगळी वये ५३, ५७, ६१ अशी नेटकी पसरलेली असतील तर संशय घ्यावा.

नावे आणि मोबाइल नंबर फॉर्मवर ठेवायचे का?

परत जाऊन तपासणी करायची असते म्हणून लागतात, पण उत्तरांच्या पानावर नकोत. वेगळ्या कागदावर नाव, नंबर आणि एक क्रमांक लिहा. उत्तरांवर फक्त क्रमांक. तो कागद एकाच माणसाकडे राहावा आणि तपासणी संपली की फाडून टाकावा. भाषा किंवा मत विचारलेला सर्व्हे असेल तर गल्लीनिहाय निकाल छापू नका. आठ घरांच्या गल्लीत 'एका घराने वेगळे मत दिले' असे छापले की ते घर कोणते हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते.